फुलावर धरलेली छत्री

लग्नाला आठ दिवसही झाले नव्हते, तेव्हा सासूबाईंनी तिला ओट्यापाशी बोलावून हळूच सांगितलं होतं, "हे बघ, ह्यांना काम सांगितलंस ना, तर ते संपलं हेही सांगत जा. नाहीतर हा माणूस जिथल्या तिथे राहतो."

ती हसली होती. प्रत्येक बायकोकडे नवऱ्याबद्दल असं एखादं वाक्य असतंच, त्यातलंच हे, असं तिला वाटलं. सासरे चौतीस वर्षं रेल्वेच्या फाटकावर गेटमन होते. दुसरा माणूस येऊन चार्ज घेईपर्यंत जागा सोडायची नाही, हा तिथला नियम. निवृत्त होऊनही तो त्यांच्या अंगातून उतरलेला नव्हता, हे कळायला तिला दोन वर्षं आणि एक छत्री लागली.

त्या दिवशी सकाळपासून तिच्या जिवाला स्वस्थता नव्हती. गल्लीच्या टोकाला रोपवाटिका होती आणि तिथल्या मालकीणबाईंना बियांच्या पाकिटांवर छापायला बारा फुलांचे जवळून काढलेले फोटो हवे होते. ठमी झाल्यापासूनच्या नऊ महिन्यांत तिच्याकडे आलेलं हे पहिलंच काम. बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "एक वाजता छापखान्याचा माणूस येतो. बारा म्हणजे बारा. जमलं तर पुढचंही काम तुमचंच. नाहीतर माझा भाचा आहेच कॅमेरा गळ्यात अडकवून."

अकरा फोटो देऊन झाले होते. बारावं फूल होतं ऑफिस टाइम. नावाप्रमाणे सकाळी दहाला हजर, दुपार कलली की दुकान बंद. मधला वेळ ऐन उन्हाचा. कुंडीत एकच फूल आलं होतं, केशरी, त्यावर पिवळे फराटे.

अकरा वाजता ठमीला झोपवून ती कॅमेरा घेऊन कुंडीपुढे पालथी पडली. पहिलाच फोटो बघून तिचा चेहरा उतरला. पाकळ्या उन्हाने भाजून निघाल्यासारख्या, आणि त्यांच्या सावल्या सुरीने कापल्यासारख्या काळ्याकुट्ट. त्यात वारा. फूल एका जागी ठरेना.

नवरा घरूनच काम करत होता. कानात बोंडं, समोर कुणी नाही, आणि चेहऱ्यावर ऐकत असल्याचा भाव. आजची त्याची नुसती ऐकण्याची मीटिंग होती, आणि बोलायचं नसलं की त्याला कुठेही नेऊन ठेवता येत असे. तिने त्याला बाहीला धरून मेंदीच्या कुंपणामागे नेलं आणि त्याच्या हातात जुन्या पलंगाची फळी दिली.

"वारा इकडून येतोय. ही अशीच धर. हलू नकोस."

त्याने मान डोलावली. तिच्यासाठी की साहेबांसाठी, कळायला मार्ग नव्हता.

मग तिने सासूबाईंची पांढरी छत्री आणली. "बाबा, जरा येता का?"

"बोल. काय हुकूम?"

"ही फुलावर धरायची. तुमच्या डोक्यावर नाही हं, फुलावर."

"कुठपर्यंत?"

"मी सांगेपर्यंत. आणि अजिबात हलू नका."

"ठीक." बाबांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "अकरा वाजून बारा मिनिटं."

ती पुन्हा पालथी पडली. डोळा कॅमेऱ्याला लावला, श्वास रोखला, आणि आतून ठमीने असा काही टाहो फोडला की कावळे उडाले. "आले हं, दोन मिनिटांत!" असं म्हणून ती धावली. ते ठमीला उद्देशून होतं, पण बाबांनी ते नोंदवून घेतलं.

ठमी भिजली होती. तिला कोरडं केलं, तर तिने उशीच्या खोळीचं बटण तोंडात घातलं. ते काढलं, तर भूक लागल्याचं जाहीर केलं. ठमीला पाजायला ती आडवी झाली. ही अशी आई, की ठमी झोपली तरी पोट वरखाली होतंय ना, हे दर दहा मिनिटांनी वाकून बघणारी. डोळे मिटायचे नाहीत असं स्वतःला बजावत तिने डोळे मिटले.

"अगं ए!" सासूबाई तिला हलवत होत्या. त्या नुकत्याच डोळ्यांच्या डॉक्टरांकडून आल्या होत्या. "बागेत कोण परका माणूस छत्री घेऊन उभाय? का डोळ्यांत औषध घातल्यामुळे मला हेच परके दिसतायत?"

भिंतीवर बारा वाजून पंचवीस मिनिटं झाली होती.

ती ताडकन उठली. गेल्याच महिन्यात बाबांना रांगेत चक्कर आली होती आणि डॉक्टरांनी दुपारच्या उन्हात पाऊल टाकायचं नाही असं दरडावलं होतं. टोपी खुंटीवरच होती. ठमीला सासूबाईंच्या ओटीत टाकून, जाता जाता सवयीने कॅमेरा गळ्यात अडकवून ती अनवाणीच धावली. फरशी तापलेल्या तव्यासारखी. छत्री जागच्या जागी होती. पण छत्रीखालचे पाय निळ्या पँटमधले होते, आणि बाबा पायजमा घालायचे.

"बाबा कुठायत?"

"ताई, मी मीटर बघायला आलोय," निळी पँट रडकुंडीला येऊन म्हणाली. "आजोबा म्हणाले, चार्ज घे, येतो. वीस मिनिटं झाली. मला अजून नऊ घरं आहेत."

"मग ठेवायची ना छत्री खाली!"

"कशी ठेवणार? सही घेतलीय माझी." त्याने हनुवटीने कट्ट्यावरच्या वहीकडे खूण केली. बाबांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं : 'फूल एक. छत्री एक. फूल बारा वाजल्यापासून मिटू लागले आहे.' खाली मीटरवाल्याची सही.

तिने वाकून पाहिलं. फूल कधीच मिटलं होतं.

पण आता फुलाचं कोणाला पडलं होतं! तिने न्हाणीघर पाहिलं, माळ्याचा जिना पाहिला, पाण्याच्या टाकीत डोकावून पाहिलं आणि आत नुसतं पाणीच बघून तिला रडू फुटलं. तेवढ्यात फोन वाजला. रोपवाटिकेच्या बाई होत्या.

"अहो ताई, तुमचे सासरे इथे आलेत. मला सलाम ठोकून म्हणतात, फूल बंद झालंय, पुढची गाडी थांबवा. जरा येता का?"

"आले! आलेच!" ती वळली.

"ताई, आणि मी?" मीटरवाला ओरडला.

"दोन मिनिटं हं! हलू नका!" म्हणून ती फाटकाबाहेर गेलीसुद्धा.

रोपवाटिकेत हिरव्या जाळीखाली बाबा एका पालथ्या कुंडीवर बसले होते. डोक्यावर ओला पंचा, हातात पाण्याचा तांब्या, चेहरा तांबूस पण शाबूत. तिने आधी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला, मग ओरडली, "बाबा, टोपी तरी घालायची! मला उठवायचं!"

"टोपी तुझ्या खोलीत होती. दार वाजलं असतं," बाबा शांतपणे म्हणाले. "लेकुरवाळी बाई दिवसाची झोपते कधी? आणि बिघाड झाला तर वरच्याला कळवायलाच लागतं."

बाईंच्या डोक्यावरचं घड्याळ पाऊण वाजल्याचं सांगत होतं. "बाई, बारावा फोटो नाही झाला," तिने एका दमात सांगून टाकलं. "फूल मिटलं. तुमच्या भाच्यालाच..."

"मिटणारच! उन्हाचं फूल ते. तासभर सावली धरलीत तर त्याला वाटणार, संध्याकाळ झाली, चला घरी. आधी काढलाच नाहीत का एखादा?"

"एक आहे, पण अगदी रखरखीत आलाय हो."

बाईंनी कॅमेरा हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि मांडीवर थाप मारली. "हाच! अहो, भर उन्हात लावायचं हे गिऱ्हाइकाला पाकिटावरून कळायला नको का? हा फोटो बघूनच डोक्यावर पदर घ्यावासा वाटतो. सोमवारी या. अठरा भाज्या आहेत."

येताना तिने बाईंची छत्री मागून घेतली आणि बाबांच्या डोक्यावर इतकी खाली धरली की दोघांनाही आपल्या पायांपलीकडचं काही दिसेना. बाबा दोनदा म्हणाले, "मी धरतो." दोन्ही वेळा ती म्हणाली, "नाही." घरात शिरल्याशिरल्या सासूबाईंनी त्यांना पंख्याखाली आडवं केलं आणि तोंड सोडलं. ते संपल्यावर सूनबाईने पाण्याचा पेला पुढे केला.

"पण बाबा, तुम्ही जागा सोडून गेलात, मला खरंच वाटेना."

"सोडून?" बाबा दुखावले. "पुढच्या बाजूला रीतसर चार्ज दिला. मागच्या बाजूला आपला मुलगा फळी घेऊन उभाच होता."

पेला हवेतच राहिला. "मागे कोण?"

स्वयंपाकघराच्या खिडकीतून कुंपणाची मागची बाजू दिसायची. तिने खिडकी उघडली. नवरा लालबुंद होऊन, दोन्ही हातांत फळी धरून उभा होता. ती दोनदा ओरडली. तिसऱ्यांदा सासूबाई ओरडल्या, तेव्हा त्याने एक बोंड काढलं.

"हलू का आता?"

"अरे, मीटिंग कधी संपली?"

"बाराला. मग बातम्या लावल्या."

"मग आत यायचं ना!"

"तू म्हणालीस, हलू नकोस."

"बापाचं सांगितलं होतं मी तुला," सासूबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "पोराचं सांगायचं राहिलं."

नवरा मागच्या दाराने आला तो थेट गार पाण्याच्या नळाखाली जाऊन बसला. तिने ठमीला मांडीवर घेतलं आणि आपल्या सवयीप्रमाणे मोजदाद केली. ठमी, बाबा, आई, हा. सगळे आत, सगळे सावलीत. सकाळपासून पहिल्यांदा तिचे खांदे खाली आले. ठमीनेही तेवढ्यात डोळे मिटले.

बाबांनी नोंद पुरी करायला खिशात वही चाचपली. वही नव्हती. मग ते उठून बसले.

"सूनबाई, त्या मीटरवाल्याकडून चार्ज परत कोणी घेतला?"

आता परिस्थिती अशी आहे : बाबांना उठायची मनाई आहे. सासूबाईंना अजून सगळे परकेच दिसतायत. नवऱ्याच्या डोक्याला साबण आहे. आणि तिच्या मांडीवर ठमी आत्ता, या क्षणी झोपलीय. तेव्हा तुम्ही त्या बाजूने जाणार असाल, तर कुंपणावरून जरा डोकावून बघा ना. निळी पँट, हातात पांढरी छत्री. दिसला तर सांगा, म्हणावं, हला आता. आणि जरा हळू आवाजात सांगा.