केशोरावांच्या ठोकळ्यांची तहान

लग्नाच्या पंगतीत माणसाने जिलेबी मागावी, फार तर मठ्ठा मागावा. केशोरावांनी लेकीच्या लग्नात सिमेंटची बाजू घेतली. गोंदियाजवळच्या फुलचुरात तेव्हा रेल्वेच्या पुलाखेरीज सिमेंट कोणी कुठे पाहिले नव्हते. व्याही दुलीचंद तिरोड्याला घर बांधणार होते आणि जेवता जेवता विटांना शिव्या घालत होते.

"विटा सोडा, ईवाईबुवा," केशोराव भर पंगतीत म्हणाले. "जोत्याचे ठोकळे मी देतो, सिमिटाचे. नातवानं हातोडा मारला तरी फुटनार नाईत."

पंगत हसली. दुलीचंद हसले नाहीत. "द्या. पावसाच्या आधी गाड्या आणतो. फुटला तं तिरोड्याच्या बाजारात सांगीन."

मुलाच्या बापाला दिलेला शब्द परत घेता येत नाही. केशोरावांनी परसात मांडव घातला आणि त्याखाली ठोकळे पाडले. ते सोपे निघाले. खरी कटकट पुढे होती. पाडलेला ठोकळा सतत ओला ठेवावा लागतो. जितके पाणी पितो, तितका पक्का होतो. हे केशोराव भेटेल त्याला सांगत, आणि न भेटणाऱ्याला घरी जाऊन सांगत.

पाण्यासाठी त्यांनी कलकत्त्याहून हातपंप आणि भोकाभोकांची नळी मागवली. कॅटलॉगातल्या चित्रात एक साहेब एका हाताने पंप मारत होता, दुसरा हात खिशात होता. पण फुलचूरच्या विहिरीतला गाळ कलकत्त्याने हिशेबात धरला नव्हता. सगळी भोके बुजली. एकच उघडे राहिले, आणि त्यातली धार कुंपणापलीकडे विड्या वळत बसलेल्या रुख्माबाईंच्या पाठीत बसली.

"काऊन जी केशोराव, होळी होऊन किती दिवस झाले!"

मग उरली झारी, पोती आणि गडी टिकाराम. ठोकळ्यांवर पोती अंथरायची आणि झारीने भिजवत राहायचे. टिकारामने दुपारीच झारी खाली ठेवली.

"मालक, लोक हासून राहिले. मनतेत, टिकाराम दगडाले पानी पाजून राहिला."

"मंग सांग त्याईले, दगड पेतेत म्हून."

"अन् उद्या खायाले मांगतलं तं?"

"एवढं पानी वांग्याले घातलं असतं," देवकाबाई, म्हणजे केशोरावांची पत्नी, चुलीपुढून म्हणाल्या, "तं भाजी तरी झाली असती."

मग नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापते नऊ दिवस, लागला. गोंदियाच्या शेठलोकांनी दारांना वाळ्याचे पडदे लावले. फुलचुरात वाळा कोणाकडे होता? पण ओल्या पोत्यांच्या मांडवात वारा शिरला की गार होऊन निघे. देवकाबाईंनी आधी पिण्याचा माठ तिथे ठेवला, मग माठाला सोबत म्हणून त्या स्वतः टेकल्या. तेंदूची पाने तिथे मऊ राहतात हे हेरून रुख्माबाई टोपली घेऊन आल्या, आणि टोपलीमागून साऱ्या सोबतिणी. कोणी तरी मांडवाच्या बल्लीला पाळणा बांधला. एका दुपारी केशोराव पाहतात तो ठोकळ्याठोकळ्यावर माणूस घोरत होता.

"उठा! हा कारखाना हाय का धर्मशाळा?"

सारे उठून गेले. दुसऱ्या दिवशी पोती पापडासारखी वाजू लागली.

"टिकाराम! पानी काऊन नाई मारलं?"

"मी?" टिकारामला खरेच नवल वाटले. "नवतपा लागल्यापासून मी झारीले हात नाई लावला, मालक. ज्याले गरम होये, तो शिंपे."

केशोराव पोती पाहत राहिले. डोळ्यांपुढे तिरोड्याचा बाजार आला. ते कुंपणाशी गेले.

"रुख्माबाई, पानं वाळत असतीन ना वो?"

"वाळू द्या जी. आमी धर्मशाळेतले लोक."

"असं कायले करता? या ना. पाळणाबी घेऊन या."

दुलीचंद रिकाम्या गाड्या घेऊन आले, तेव्हा मांडव पुन्हा भरला होता. त्यांनी एक ठोकळा गाडीवर चढवायला लावला आणि वरून अंगणात टाकायला लावला. केशोरावांनी डोळे मिटले. आवाज झाला. डोळे उघडले तर अंगणातली फरशी फुटली होती. ठोकळा जसाच्या तसा.

"आता सांगा बाजारात!" केशोरावांचा आवाज चढला.

"सांगतो. ऊन तं उतरू द्या," म्हणत दुलीचंद मांडवात ओल्या पोत्यावर आडवे झाले.

ऊन उतरले. दुलीचंद उतरले नाहीत.

"ईवाईबुवा, गाड्या भरू का?"

"कच्चे हायेत," दुलीचंद डोळे न उघडता म्हणाले.

"तुमच्यासमोर फरशी फुटली ना!"

"तुमीच मनता, जितकं पेते तितकं पक्कं होते. पिऊ द्या. काय वो बाई?"

"मले तं कच्चेच दिसून राहिले जी," रुख्माबाई म्हणाल्या. सगळ्या सोबतिणींना तसेच दिसत होते.

"पेत्या दगडाले उठवू नये, मालक," म्हणत टिकारामने, कोणी न सांगता, झारी भरली.

व्याह्याला जा म्हणता येत नाही. गाड्या रिकाम्या परत गेल्या. देवकाबाईंनी आमरसाला आंबे भिजत घातले. मांडवात तर पाय ठेवायला जागा नव्हती. तापल्या ओसरीवर केशोराव एकटेच पंख्याने वारा घेत बसले. देवकाबाईंनी मांडवातून झारी आणली आणि त्यांच्या डोक्यावर धरली.

"अवो! हे काय?"

"हालू नका जी," त्या म्हणाल्या. "पक्के होऊन राहिले तुमी."