कल्लप्पा आळगींचा पक्षप्रवेश

लोकशाहीत निष्ठा ही अत्यंत मौल्यवान वस्तू आहे, आणि मौल्यवान वस्तू रोजच्या वापरात काढायची नसते, हे आपल्या राज्याने बऱ्याच निवडणुकांच्या अनुभवातून शिकून घेतले आहे. सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या कल्लप्पा आळगींना मात्र हे कुणी वेळेवर सांगितलं नाही.

कल्लप्पांचं कडक भाकरीचं दुकान. पापडासारखी वाजणारी ज्वारीची भाकरी त्यांची बायको भुवनेश्वरी आणि तिच्या दोन जावा घरी करायच्या, कल्लप्पा दुकानात विकायचे, आणि उरलेला वेळ (म्हणजे दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंतचा) पक्षाला द्यायचे. पक्ष म्हणजे समग्र जनहित पक्ष, निशाणी दुधाची चरवी. मिसरूड फुटल्यापासून ते याच पक्षात होते. सतरंज्या अंथरणं, झटकून त्यांच्या घड्या घालणं, नेता येईपर्यंत लोकांना थोपवून धरणं आणि नेता बोलायला लागल्यावर पुन्हा थोपवून धरणं, ही पक्षकार्याची चारही अंगं त्यांना अवगत होती.

राज्यातल्या पक्षांचा इतिहास थोडक्यात सांगायचा तर असा. आधी एकच पक्ष होता, त्यामुळे निवडणुका फार कंटाळवाण्या व्हायच्या. मग दोन झाले. पुढे जनतेला भरपूर पर्याय मिळावेत या उदात्त हेतूने प्रत्येक पक्षाने स्वतःलाच विरोध करायचं ठरवलं. समग्र जनहितचे ‘मूळ’ आणि ‘अस्सल’ असे दोन भाग झाले. वाद रीतसर चालला, आणि मूळला चरवी मिळाली, अस्सलला तिचं झाकण. नंतर अस्सलमधून ‘अस्सल (निष्ठावंत)’ निघाला; तो निष्ठावंत असल्यामुळे लवकरच मूळमध्ये विलीन झाला. या काळात शहराध्यक्ष आण्णांनी राज्याच्या हितासाठी पाच वेळा पक्ष बदलला आणि पाचही वेळा डोळ्यांत पाणी आणलं. कल्लप्पा चरवीपाशीच बसून राहिले.

यंदा महापालिकेची निवडणूक लागली. कल्लप्पांच्या भागातली जागा आजवर दर खेपेला कुणा ना कुणासाठी राखीव असायची. यंदा सोडत निघाली आणि ती चक्क खुली झाली. कल्लप्पांनी पांढरा सदरा शिवायला टाकला आणि सात रस्त्याजवळचं पक्ष कार्यालय गाठलं. आण्णा त्या आठवड्यात मूळमध्येच होते.

“आण्णा, यंदा तिकीट मलाच की.”

आण्णांनी त्यांना जवळ बसवून खांद्यावर हात टाकला. (आण्णांचा हात खांद्यावर आला की आपल्या हातचं काहीतरी जाणार, हे पेठेत सगळ्यांना ठाऊक आहे.)

“कल्लप्पा, तू घरचा मानूस. तिकीट न्हाय दिलं, तर तू कुटं जाशील?”

“कुटंच न्हाय, आण्णा!” कल्लप्पा छाती काढून म्हणाले.

“मग झालं की! तिकीट द्यायचं ते जाणाऱ्याला अडवायला, न्हायतर येणाऱ्याला बोलवायला. तू जात बी न्हाईस आन येत बी न्हाईस. तुला दिलं म्हंजे वाया गेलं न्हाय का?”

या युक्तिवादात चूक कुठे आहे, ते कल्लप्पा घरी पोचेपर्यंत शोधत होते. सापडली नाही. शिंप्याकडून सदरा आला होता. तो घालून बघायचीही त्यांना लाज वाटली. जेवायला बसले ते नुसते भाकरीचे तुकडे मोडत राहिले.

“बिडरी तो पक्ष,” भुवनेश्वरी म्हणाली. (बिडरी म्हणजे कानडीत सोडा. पुढचं ती मराठीतून बोलली, कारण राज्यातला पक्ष सोडायचा तर राजभाषेतूनच सोडावा लागतो.) “येकदा गेलात की किंमत कळंल तुमची. हात जोडत येतील.”

“आन न्हाय आले तर?”

“तर दुकानात बसा की. ते तरी कुटं बसताय?”

पक्षप्रवेश हा आपल्याकडचा सतरावा संस्कार आहे. बाकीचे सोळा बहुधा एकेकदाच होतात, हा कितीही वेळा करता येतो. त्याला लागणारं साहित्य: उपरणं एक; हार एक (नेत्यालाही मावेल एवढा); शेकडो कार्यकर्ते (प्रत्यक्षात आठ चालतात); आणि ‘विकासासाठी’ हा शब्द. कल्लप्पांनी अस्सलमध्ये जायचं ठरवलं. शेकडो कार्यकर्ते म्हणून घरातली माणसं, दोन मेव्हणे आणि दुकानाचं रोजचं गिऱ्हाईक असलेले सिद्धाप्पा मास्तर आले.

झाकणाचं चित्र असलेलं उपरणं गळ्यात पडलं, वर हार पडला, आणि कल्लप्पांना खरोखरच भरून आलं. इतक्या वर्षांत त्यांच्या गळ्यात कुणी काही घातलं नव्हतं. हार आणायचं काम नेहमी त्यांच्याकडे असे.

ते खाली बसतात न बसतात तोच दाराशी फटाके वाजले आणि आण्णा आत आले. तेही विकासासाठीच आले होते. त्यांच्यामागून मूळमधली एवढी माणसं आली की बसायला जागा उरली नाही. कुणीतरी माईकवरून ओरडलं, “सतरंजी कमी पडतीया, कल्लप्पांना सांगा!” आणि कल्लप्पा हारासकट उठले नि सतरंजी अंथरायला लागले.

“हितं बी तू माझ्या आधी हजर?” आण्णा गहिवरून म्हणाले. “याला म्हंत्यात निष्ठा!”

संध्याकाळी उमेदवार जाहीर झाले. सकाळीच येऊन बसल्यामुळे कल्लप्पा एव्हाना अस्सलचे जुने कार्यकर्ते झाले होते, त्यामुळे त्यांचा विचार होणं शक्य नव्हतं. तिकीट नव्याने आलेल्या आण्णांचा भाचा गुंडा याला मिळालं. (हे त्याचं पाळण्यातलं नाव आहे; टीका नव्हे.)

तेव्हा कल्लप्पांना आयुष्यात पहिल्यांदा राग आला. त्यांनी सदरा चढवला आणि अपक्ष म्हणून अर्ज भरला. निशाणी उशी मिळाली. मतदारांच्या रोजच्या परिचयाची वस्तू म्हणून त्यांनी तिचं स्वागत केलं.

प्रचार मात्र असा झाला की गुंडाची झोप उडावी. कल्लप्पा दारात गेले की बायका ओवाळायच्या. म्हातारी माणसं त्यांच्या तोंडावरून हात फिरवायची. “तुमच्यासारकी मानसं ऱ्हायलीत कुटं!” असं एका दारात ऐकून ते पुढे निघाले की पुढच्या दारातही तेच ऐकू यायचं. नळाला पाणी कधी येणार ते आजवर पेठेला कल्लप्पाच सांगत आले होते. त्याबद्दल लोकांनी आता एकमुखाने कृतज्ञता व्यक्त केली. कल्लप्पांनी विजयाच्या मिरवणुकीसाठी हलगीवालाही सांगून ठेवला.

निकाल लागला. गुंडाला चार हजार सहाशे दोन, कल्लप्पांना एकशे अठरा. हलगी फुकट जाऊ नये म्हणून गुंडाने तीच नेली, आणि मिरवणूक संपल्यावर विकासासाठी मूळमध्ये प्रवेश केला.

दुसऱ्या दिवसापासून कल्लप्पांच्या घरी सांत्वनाला लोक येऊ लागले. येणारा प्रत्येक जण बसायच्या आधीच गळ्याची शपथ घेऊन सांगायचा, “आमच्या घरातली समदी मतं तुमालाच.” दोन दिवसांत ही मतं एकशे अठराच्या पुढे गेली. आठवडा संपेपर्यंत कल्लप्पांनी गुंडालाही मागे टाकलं. मग शेजारच्या प्रभागांतून लोक यायला लागले. वेळापूरहून आलेल्या एका पाहुण्यांनीही आपण उशीवरच बटण दाबल्याचं डोळे पुसत सांगितलं; या शहराच्या मतदारयादीत त्यांचं नावच नाही.

कल्लप्पा सगळ्यांपुढे हात जोडत होते. एकदा माणसं पांगल्यावर त्यांनी हळूच विचारलं, “एवढी समदी मतं गेली कुटं गं?”

“मोजू नका,” भुवनेश्वरी म्हणाली. “चहा दिला की जात्यात.”

हे वाचून तुम्हालाही कल्लप्पांबद्दल हळहळ वाटली असेलच. आपण त्या प्रभागात असतो तर मत त्यांनाच दिलं असतं, असंही मनात येऊन गेलं असेल. मग एकदा शुक्रवार पेठेत जाऊन त्यांना तसं सांगाच. संकोच बाळगू नका. भुवनेश्वरी मत कुणाला दिलं ते विचारत नाही. साखर किती घालू, एवढंच विचारते.