सहा तुकड्यांची कादंबरी

सबनीस काकांनी आपली सर्वांत आवडती कादंबरी स्वतःच्या हातांनी कापली. भाजीच्या सुरीने, किचनच्या ओट्यावर, सहा तुकडे. काकू किंचाळल्या, "अहो, सरस्वती आहे ती!" काका म्हणाले, "म्हणूनच प्रसाद सगळ्यांना मिळायला हवा."

अमेरिकेतल्या प्लेनो गावात आम्ही वाचणारी सहा मराठी घरं आणि पुस्तक एकच. काकांनी विशीत वाचलेली ती कादंबरी कितीतरी वर्षांनी कुणाच्या तरी बॅगेतून, लोणच्याच्या बरणीला टेकून पुण्याहून आली होती. एकेका घरात पूर्ण वाचत बसलो तर निम्म्यांचे प्रोजेक्ट संपून ते परत जातील, असा काकांचा अंदाज. म्हणून एकेक भाग एकेका झिपलॉक पिशवीत. शनिवारी इंडियन ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये गाडीच्या काचा खाली करून आम्ही पिशव्या बदलायचो. लांबून बघणाऱ्याला भलताच धंदा वाटावा.

क्रमाची पार ऐशीतैशी झाली. कुणाकडे बारसं आधी, लग्न मागाहून. केतन नावाच्या आमच्यातल्या बॅचलरला पाचवा भाग पहिल्यांदा मिळाला, त्यामुळे नायक वसंताची आई त्याला भेटली ती हार घातलेल्या फोटोतच.

तरी चर्चा मात्र दणक्यात व्हायच्या. काकांचं लाडकं वाक्य होतं, "पानावर दाखवा!" पुराव्याशिवाय ते कुणाला श्वासही घेऊ देत नसत. माणूस भारी छळायचा, पण आम्ही एकही चर्चा चुकवली नाही.

एका रविवारच्या चर्चेला अमरावतीहून आलेली माझी आईही बरोबर होती. चौथा भाग आमच्याकडे होता. मला ऑफिसमुळे वेळ नव्हता, तिने मात्र तो दोनदा वाचून काढला होता.

केतनने तोंड उघडलं. "काका, हा वसंता एकदम सेल्फिश आहे यार. आई गेली तरी घरी आला नाही!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीसुद्धा.

"कॉलेजात मला तो वाघ वाटायचा," काका म्हणाले. "घर सोडून निघाला म्हणून. आता वाटतं, काहीतरी अडचण असेल त्याची."

"पानावर दाखवा ना मग!" केतन हसत म्हणाला.

काका हसले नाहीत. "चौथा भाग मी या वेळी उघडलाच नाही," ते म्हणाले.

काकू हळू आवाजात बोलल्या. "यांच्या आई गेल्या तेव्हा आमचे ग्रीन कार्डचे पेपर्स अडकले होते. वकील म्हणाला, आता देश सोडलात तर परत येता येणार नाही. मुलांच्या शाळा इथे. हे गेले नाहीत."

केतनला कुठे बघावं कळेना. आम्हाला कुणालाच कळेना.

"चुकलाच वसंता," काका म्हणाले. "चला, पुढचा मुद्दा."

"असा कसा चुकला?" माझी आई एकदम म्हणाली. "अर्धवट वाचून निकाल काय देता?" तिने पिशवीतून पानं काढली, चष्मा लावला आणि वाचायला लागली. वसंताची आई अंथरुणाला खिळलेली. शेजारणी वसंताला शिव्या घालताहेत. आणि म्हातारी म्हणते, "वसंताला बोल लावू नका गं. सुटी मिळाली नसेल त्याला. मिळाली असती तर माझा लेक थांबला असता का?"

काकांनी चष्मा काढला. "हे होतं यात? विशीत मला कसं दिसलं नाही?"

"विशीत कोण आईचं बोलणं मनावर घेतं?" आई म्हणाली.

"तेवढंच पुन्हा वाचता?" काकांनी विचारलं.

आईने पान शोधलं, आणि मग मान वर करून विचारलं, "भाऊ, तुमची आई तुम्हाला काय हाक मारायची?"

"मधू."

आईने पुन्हा पानात पाहिलं आणि सावकाश वाचलं, "माझ्या मधूला बोल लावू नका गं. सुटी मिळाली नसेल त्याला."