अन्वीची अर्धी राहिलेली उडी

तुमच्या घरी कधी कोणी कोलांटी उडी मारली आणि ती पुरी व्हायची राहून गेली, असं झालंय का? मिरजेच्या चौगुल्यांकडे झालं. त्यांच्या अन्वीनं सोमवारी संध्याकाळी दिवाणावरून उडी मारली, आणि गुरुवार उजाडला तरी ती जमिनीला लागली नव्हती.

पंखा आणि टीपॉय यांच्या मधोमध, गुडघे पोटाशी धरून, अन्वी सावकाश फिरत होती. तिचं तोंड खाली आलं की तिची आई, पद्मजा, वरणभाताचा घास भरवायची आणि पुढच्या फेरीची वाट बघत उभी राहायची. जेवण लांबायचं, एवढंच. वेणीचं मात्र काही केल्या जमत नव्हतं. दोन पेड घातले की डोकं हातातून निघून जाई. रात्री अंथरुणात शेजारची जागा मोकळी लागे, आणि पद्मजाला झोप येत नसे. पोरगी खाली यावी, एवढंच तिचं मागणं होतं.

अन्वीचे वडील भरतेश यांची तक्रार वेगळी होती. पंखा लावता येत नव्हता.

शेजारच्या कोरेकाकू रोज डोकावून जायच्या. "अगं पद्मजा, हिला जिम्नॅस्टिक्सच्या क्लबात घाल. आमच्या नातवाला तीन वर्षं झाली जाऊन, अजून नीट कोलांटी येत नाही. तुझी तर घरबसल्या लटकलीय! पण घरची उडी ती घरचीच. उद्या विचारतील, कुठल्या क्लबची? काय सांगशील, दिवाणाची?"

भरतेशना हे पटलं. "काकू म्हणतात ते खरं आहे. उडी जमिनीला एकदाच लागते. ती चांगल्या ठिकाणी लागली पाहिजे."

मग पद्मजा क्लब बघायला निघाली.

पहिला क्लब काचेच्या इमारतीत होता. आत गारवा होता. तिथल्या संचालकबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"उडी सुरू कुठं झाली?"

"घरी. दिवाणावर."

"तो दिवाण आमच्याशी संलग्न नाही, ताई. अर्ध्यावरची उडी आम्ही घेत नाही. तुम्ही तिला आधी खाली उतरवा, मग आम्ही पहिल्यापासून शिकवू."

"अहो, ती उतरावी म्हणून तर इथं आलेय."

"उतरणं तिसऱ्या वर्षाला आहे," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी पद्मजाला लिंबू सरबत दिलं.

दुसरी जुनी व्यायामशाळा होती. तिथले बापूसर मल्लखांबाला तेल लावत होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, "पायाचे अंगठे ताणलेले आहेत का?"

"नाही ओ. वाकलेले आहेत."

"मग ती उडी नव्हे. ते नुसतं वर असणं झालं." थोड्या वेळानं त्यांना पद्मजाची दया आली असावी. "हे बघा वहिनी, वर पाठवणं आमचं काम. खाली घेणं घरच्यांचं. पूर्वीपासून असंच आहे."

तिसऱ्या क्लबाचे पाचुंदेसर स्वतःच घरी आले. त्यांनी चपला बाहेर काढल्या, अन्वीभोवती एक पूर्ण प्रदक्षिणा घातली आणि हात जोडले.

"उतरू देऊ नका!" ते म्हणाले. "डिसेंबरात जिल्ह्याच्या स्पर्धा आहेत. तिथं आमच्या गादीवर, परीक्षकांसमोर उतरू दे. तुमचं नाव होईल, क्लबचं होईल. दहावीला खेळाचे गुण मिळतील ते वेगळेच."

"ती दुसरीत आहे," पद्मजा म्हणाली.

"मग हातात वेळ आहे."

"डिसेंबरपर्यंत तिनं झोपायचं कसं?"

"आताच्यासारखंच. फक्त गूळ-शेंगदाणे बंद करा. जड झाली तर आपोआप खाली येईल, आणि सगळं मुसळ केरात."

भरतेशनी पेढे आणले. सरांच्या हातात नारळ दिला. अन्वीला बसल्या जागी नेता यावं म्हणून उघड्या टपाचा टेंपो बघायला दोघं लगोलग बाहेर पडले. अन्वी बसलेली नव्हती, पण तेवढं चालतं.

घरात दोघीच राहिल्या. पद्मजानं अन्वीखाली गोधडी अंथरली. चार दिवसांत कोणी विचारलं नव्हतं ते तिनं विचारलं.

"बाळा, तू उतरत का नाहीस?"

"बाबा म्हणाले ना, थांब, मोबाईल आणतो, व्हिडिओ काढू." अन्वीचं तोंड वर गेलं, परत खाली आलं. "म्हणून मी थांबले. मग कोणी उतर म्हणालंच नाही."

"मी म्हणते. उतर."

"पाय जुळले नाहीत तर?"

"नाही जुळले तर नाही जुळले."

"पण आई, आता जमीन कुठल्या बाजूला आहे तेच कळेना."

 पद्मजानं पदर कमरेला खोचला, दिवाणावर चढली, आणि शाळा सुटल्यापासून जी कधी मारली नव्हती ती उडी मारली. हवेतच तिनं अन्वीचा हात धरला आणि तिला जमिनीकडे वळवलं. "ही बघ, इकडे."

अन्वी गोधडीवर धपकन बुडावर आपटली. पाय दोन दिशांना गेले होते. ती खदखदून हसली.

"आता तू उतर, आई."

"उतरते," वरून पद्मजा म्हणाली. "थांब जरा. हे बघ, पुरणयंत्र कपाटावर होतं होय! आणि मी वर्षभर शोधतेय."

पहिली फेरी झाली. दुसरी झाली. तिचा अंबाडा सुटला, तरी ती उतरली नाही.

तेवढ्यात भरतेश आणि पाचुंदेसर टेंपो घेऊन आले. सरांनी गोधडीवरच्या अन्वीकडे बघून नारळ परत केला. मग वर बघितलं. "वहिनींचं वय?"

"बेचाळीस," भरतेश म्हणाले.

"तो गट आमच्याकडे नाही. पण वरती लिहून बघू. फिरकी चांगली आहे."

"पद्मा, उतर की गं," भरतेश हळूच म्हणाले. "पोळ्यांचं काय?"

"कणीक मळून ठेवलीय," पद्मजा म्हणाली, आणि तिचं तोंड पलीकडे गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अन्वीनं स्वतःची वेणी वाकडीतिकडी घातली, डब्यात बाबांची जाड पोळी भरली, टीपॉयवर चढून आईचं तोंड खाली येईल तसा तीन फेऱ्यांत तिला चहा पाजला, आणि ती शाळेत गेली.