एकशे एकोणपन्नासचा गुन्हेगार

माझी नजर इतकी तीक्ष्ण आहे की माझ्याशी बोलताना लोक आपोआप खरं बोलतात. निदान बोलणं लवकर आटोपतात. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत मी शिकाऊ म्हणून लागलो, हे जनतेचं भाग्य. तिथे सगळे मला ‘भिंग’ म्हणत. आदरानेच म्हणत असावेत.

आमच्या मॅडमनी पहिल्याच दिवशी मास स्पेक्ट्रोमीटर समजावून सांगितला. हे यंत्र रेणू फोडतं, तुकड्यांची वजनं करतं आणि प्रत्येक वजनाच्या आकड्यावर एक रेघ काढतं. तुकडे जितके जास्त, तितकी रेघ उंच. तुकड्यांवरून मूळ रेणू ओळखायचा. घरी कपबशी फुटली की आई नेमकं हेच करायची, आणि संशयित कायम मीच असायचो. त्यामुळे विषय चटकन समजला.

दुसऱ्या आठवड्यात एका वस्तीच्या विहिरीचं पाणी तपासायला आलं. एकशे एकोणपन्नासवर ताडासारखी रेघ, एकशे सदुसष्टवर छोटी. मॅडम म्हणाल्या, ही प्लास्टिक मऊ करणाऱ्या रसायनाची खूण आहे. विहिरीला कुलूप लागलं. दोनशे घरं टँकरच्या रांगेत उभी राहिली, आणि मी तपासाला लागलो.

वस्तीतलं एकशे एकोणपन्नास नंबरचं घर एका इस्त्रीवाल्याचं निघालं. मी त्याला अर्धा तास उलटसुलट प्रश्न विचारले. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि माझा शर्ट फार चुरगळलाय, असं सांगितलं. माणूस बनेल होता.

मग मी दोन रेघांमधला फरक काढला. अठरा. मॅडमना विचारलं, तर पाण्याच्या रेणूचं वजन तेवढंच असतं, मोठ्या तुकड्यातून पाणी निघून गेलंय, असं कळलं. मी तत्काळ पाणीचोरीचा अहवाल लिहायला घेतला. मॅडमनी माझ्या हातातलं पेन काढून घेतलं.

काचसामान धुणाऱ्या मावशी तेवढ्यात एक प्लास्टिकची नळी घेऊन आल्या. पाण्यात विरघळलेली रसायनं ओढून घेणारं द्रावक नमुन्यांच्या बाटल्यांत याच नळीने भरलं जायचं.

“मॅडम, ही नवी होती तेव्हा गांडुळासारखी वळवळायची. आता काडीसारखी ताठ झालीय. हिचा मऊपणा गेला कुठे?”

मॅडम नळीकडे बघतच राहिल्या. मग माझ्याकडे वळल्या. “विहिरीचं पाणी न घालता नुसतं द्रावक यंत्रात घालून बघितलं होतं ना तुम्ही?”

“नाही,” मी म्हणालो. “निर्दोष माणसाची चौकशी मी करत नाही.”

मॅडमनी ती स्वतः केली. नुसत्या द्रावकातही एकशे एकोणपन्नासवर तीच ताडासारखी रेघ आली. काचेच्या नळीने पुन्हा सगळं भरल्यावर विहिरीच्या पाण्यात तिचा मागमूस नव्हता. संध्याकाळच्या आत कुलूप निघालं. वस्तीतून मावशींचे आभार मानायला फोन आला. त्या पाच मिनिटं नुसत्या हसत होत्या.

“आता एवढंच सांगा,” मॅडम म्हणाल्या, “काचेची नळी बाजूला ठेवून ही प्लास्टिकची आणली कोणी?”

खोलीत माझ्याइतकी तीक्ष्ण नजर दुसऱ्या कोणाचीच नव्हती, तरी मी खरं बोललो. माझ्या कारकिर्दीतला हा पहिला गुन्हेगार, जो कबुलीजबाबासकट हाती लागला.