मामांच्या पुडीतला पुरावा

भिंगरावांना फसवेल असा माणूस अजून जन्मायचा होता. हे अर्थात त्यांचं स्वतःचं मत, पण ते इतक्या वेळा सांगत की ऐकणाऱ्यांनाही आपण जन्मलोच नाही की काय असं वाटू लागे!

बसकंपनीच्या 'हरवलेलं सामान' विभागात ते बावीस वर्षं तपासनीस होते. टेबलावर कायम पडलेल्या भिंगामुळे सगळं ऑफिस त्यांना भिंगराव म्हणायचं. कोणी छत्री हरवल्याची तक्रार घेऊन आला की ते आधी विचारत, "मुळात छत्री होती कशावरून?" मग तक्रारीच्या फॉर्मवर लाल शाईनं शेरा मारत. 'तक्रारदार सारखा घाम पुसतो. संशयास्पद.' घरीसुद्धा तीच तऱ्हा. दूध उतू गेलं तरी 'कोणाच्या सांगण्यावरून?' असा त्यांचा चेहरा व्हायचा.

जगात त्यांचा विश्वास एकाच गोष्टीवर होता. गावाकडच्या मामांच्या शेंगदाण्यांवर!

त्यांच्या लहानपणी गावच्या शाळेच्या फाटकाबाहेर गाड्यांची रांग लागायची. एकीकडे निखाऱ्यावर कणसं तडतडत, दुसरीकडे कढईत बटाट्याचे काप फुगत, आणि अगदी टोकाला, सगळी पोरं ज्यांना मामा म्हणायची त्यांची गाडी. गरम वाळूत भाजलेले शेंगदाणे, वरून लसूण-तिखट, आणि दोन बोटांत वळलेली कागदाची पुडी. भिंगरावांनी गाव सोडलं, कणीसवाल्याच्या जागी मोबाइलचं दुकान आलं, बटाटेवाला कुठं गेला कुणालाच ठाऊक नाही. पण मामा होते. दर महिन्याला गावातच राहणारी ताई मामांच्या दहा पुड्या ओळखीच्या बसवाल्याबरोबर पाठवायची, बायको त्या स्टँडवरून घेऊन यायची, आणि त्या दिवशी भिंगराव चक्क हसायचे.

चार वर्षांपूर्वी बायकोनं एकदा तसेच शेंगदाणे घरी करून वाटीत दिले होते. भिंगरावांनी एकच दाणा चावला आणि वाटी बाजूला सारली.

"बरे आहेत. पण मामांचे ते मामांचे! ही जीभ आहे, पायपुसणं नव्हे."

बायको काही बोलली नाही. ती काही बोलली नाही, याचा मात्र त्यांना कधी संशय आला नाही.

तर त्या सकाळी भिंगरावांनी पुडी संपवली आणि तळाशी अडकलेला दाणा काढायला कागद उलगडला. आतल्या बाजूला लाल शाई होती. अक्षर ओळखीचं वाटलं. त्यांनी भिंग लावलं.

'निळी ट्रंक. तक्रारदार ट्रंकेचा रंग फार पटकन सांगतो. संशयास्पद.' खाली सही. त्यांचीच!

ऑफिसचे गोपनीय कागद! निकाली निघालेला प्रत्येक फॉर्म बारीक फाडून नष्ट करायचा, असा कंपनीचा कडक नियम. आणि तो फॉर्म पोचला कुठं, तर दीडशे कोसांवर मामांच्या गाडीवर? म्हणजे ऑफिसातलं कोणीतरी रद्दीवाल्याला सामील! त्यात विभागप्रमुखाची खुर्ची रिकामी होती आणि सोमवारी साहेब नाव जाहीर करणार होते. बावीस वर्षं भिंगराव त्या खुर्चीकडे बघत आले होते. दुधात साखर म्हणतात ती हीच!

ऑफिसात पोचताच ते थेट साहेबांच्या केबिनमध्ये घुसले. पुडी प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद.

"साहेब, घरभेदी सापडला!"

साहेबांनी पिशवीचा वास घेतला. "शेंगदाणे?"

"पुरावा, साहेब! खायचा नाही."

सगळा प्रकार ऐकून साहेब गंभीर झाले. "हे सिद्ध करा, भिंगराव. खुर्ची तुमची."

मग काय विचारता! कपाटांना सील लागलं, टेबलांचे खण उपसले गेले. आवक-जावकच्या बाईंच्या खणात तीन कंगवे सापडले, तेही भिंगरावांनी जप्त केले. शेवटी पाळी आली शिपाईकाकांची. निकाली फॉर्म फाडायचं काम मुळात त्यांचं.

"काका, फॉर्म तुम्ही फाडता?"

"फाडायचो. पण दोन वर्षांपूर्वी तुम्हीच म्हणालात—"

"प्रश्न मी विचारतोय! रद्दीवाला ओळखीचा आहे?"

"सगळ्यांच्याच ओळखीचा असतो तो. पण भिंगराव, ते कागद तर तुम्ही—"

"मध्ये बोलू नका! हात का थरथरतायत?"

"वय झालं म्हणून. दोन महिन्यांनी निवृत्त होतोय मी. आता हा डाग नका लावू हो!" म्हाताऱ्याचे डोळे भरून आले.

भिंगरावांनी वहीत लिहिलं, 'रडतो. संशयास्पद.' लिहिताना त्यांना थोडं वाईट वाटलं, पण खुर्ची डोळ्यांपुढून हलेना.

साहेबांनी मात्र एक साधा प्रश्न विचारला. "या पुड्या आपल्याच गाडीनं येतात ना? मग पार्सलाची पावती कुठाय?"

भिंगरावांनी खिसे चाचपले. आयुष्यभर त्यांनी लोकांना पावती मागितली होती. स्वतःच्या पार्सलाला पावती असते, हे त्यांच्या डोक्यातच कधी आलं नव्हतं!

"ताई सांगेल!" त्यांनी फोन लावला आणि स्पीकर चालू केला. सगळं ऑफिस टेबलाभोवती गोळा झालं.

"ताई, मामा पुड्यांना कागद कुठून आणतात गं?"

"कोण मामा?"

"शेंगदाणेवाले! दर महिन्याला तू पाठवतेस ते!"

"हां हां, ते होय! कागद... कागद ते कागदाच्या दुकानातून आणतात. का रे?"

"इथं चोरी पकडलीय! शिपाईकाकांची नोकरी जाणार आहे."

"अगं बाई!" म्हणाली ताई, आणि फोन कट.

"पाहिलंत?" भिंगराव म्हणाले. "माझी सख्खी बहीणसुद्धा सामील!"

अर्ध्या तासानं केबिनचं दार उघडलं आणि भिंगरावांची बायको आत आली. कपाळावर घाम, हातात कापडी पिशवी.

"तू? इथं?"

"वन्संचा फोन आला. साहेब, त्या काकांना सोडा. त्यांचा काही दोष नाही."

तिनं पिशवी टेबलावर पालथी केली. नऊ पुड्या! हरवलेली छत्री, हरवलेला पितळी डबा, हरवलेला डावा बूट, सगळ्यांवर लाल शाई.

"मामांनी चार वर्षांपूर्वीच गाडी बंद केली," ती म्हणाली. "गुडघे गेले त्यांचे. लेकीकडे राहतात. वन्सं म्हणाल्या, याला कळलं तर जेवायचा नाही. मग मीच भाजायला लागले."

"अशक्य!" भिंगराव ओरडले. "तुझे शेंगदाणे मी खाल्लेत! जमीन-अस्मानाचा फरक होता!"

"वाटीतले तुम्ही सरकवलेत. दुसऱ्या दिवशी तेच पुडीत घालून दिले, तर डोळ्यांतून पाणी काढलंत."

कोणीतरी फिसकन हसलं. बहुधा कंगवेवाल्या बाई. साहेबांनी तोवर पुरावा क्रमांक तीन खायला घेतला होता.

"वा! पण वहिनी, हे कागद तुमच्याकडे आले कसे?"

"हेच आणतात ना दर शनिवारी पिशवी भरून! म्हणतात, शिपायावर माझा भरवसा नाही, तू फाड. आता एक बाजू चांगली कोरी, फाडायला जीव होतो का?"

"तेच मी सकाळपासून सांगतोय!" शिपाईकाकांनी नाक पुसलं. भिंगरावांनी सगळ्यांवर संशय घेतला होता, फक्त स्वतःच्या शनिवारच्या पिशवीवर नाही.

सोमवारी खुर्ची मिळाली आवक-जावकच्या बाईंना. त्यांनी आजवर कोणावर संशय घेतला नव्हता, एवढीच त्यांची पात्रता. भिंगरावांना मिळाला मेमो. शिपाईकाकांची त्यांनी सगळ्यांसमोर माफी मागितली. तीन कंगवेही परत केले.

संध्याकाळी ते घरी आले. खुर्चीपेक्षा मामांची ती बंद झालेली गाडीच त्यांना जास्त सलत होती. शेवटी त्यांनी हळूच विचारलं, "पण मामांच्या पुडीतला एक दाणाही मी तुला कधी दिला नव्हता. मग ती चव कशी जमली तुला?"

"वीस वर्षं तुम्हीच तर सांगताय! वाळू किती तापवायची, लसूण कधी, मीठ कधी. माझी मामांशी ओळख तुमच्याच तोंडून झालीय."

भिंगरावांना एकदम भरून आलं. बायकोनं त्यांच्या हातात एक पुडी ठेवली. त्यांनी सवयीनं कागद तपासला. त्यांचाच मेमो होता.

"एक बाजू कोरी होती," ती म्हणाली.

त्यांनी एक दाणा तोंडात टाकला, डोळे मिटले, सावकाश चावला. "वा! आता नाही फसायची ही जीभ. हा हात तुझाच! लाखात ओळखीन!"

बायकोनं पदर तोंडाला लावला.

"मी भाजलेले परवाच संपलेत. हे कोपऱ्यावरच्या दुकानातले आहेत."