गिअरबॉक्सचा मासा

मला गाडीचं काय सांगता राव! चाकणच्या कंपनीत गिअरबॉक्स तपासण्यात माझं अर्धं आयुष्य गेलंय. नुसत्या आवाजावरून सांगतो, कुठं दुखतंय ते! म्हणूनच जुनी ऑटोमॅटिक गाडी बिनधास्त घेतली. आणि दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी, लेकीच्या परीक्षेच्या सकाळी, त्याच गाडीनं चिखलीतल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये दगा दिला.

श्रद्धाची भरतीची परीक्षा थेरगावला. नऊला गेट बंद! दोन वर्षं पोरीनं जीव तोडून अभ्यास केलेला. मागं श्रद्धा, शेजारी माझी आई. किल्ली फिरवली, इंजिन चालू. पण गिअरचा दांडा पार्किंगच्या 'पी'वरून हलेना! ब्रेक दाबला, तर तोही भिंतीसारखा घट्ट!

"गिअरबॉक्स गेला!" मी जाहीर केलं.

"अरे, माझा नारळ कुठंय?" आईनं विचारलं. कालच्या पूजेचा नारळ तिला न फोडता देवीला न्यायचा होता.

"आई, इथं गिअरबॉक्स बसलाय आणि तुला नारळ सुचतोय!"

तेवढ्यात शेजारी जमले. आमच्याकडं गाडी बंद पडली की माणसं धक्का मारायला नाही, मीटिंगला येतात. सगळेच कुठल्या ना कुठल्या कंपनीत! प्रेस शॉपचे साहेबराव थेट गाडीखाली शिरले. "ऑइल गळतंय का बघतो!" पेंट शॉपच्या सुजितनं बॉनेट उघडून आत डोकं घातलं. "भावा, सेन्सर उडाला!"

"नारळ पण इथंच ठेवला होता रे..."

"आई, गप्प बस!"

मी म्हणालो, "पद्धतीनं जाऊ." कंपनीत बिघाड झाला की आम्ही कागदावर मासा काढतो. माशाच्या डोक्यात बिघाड लिहायचा आणि एकेका काट्यावर एकेक संशयित. मागच्या सीटवरचा कागद ओढला, पालथा केला आणि टपावर ठेवून काढला मासा!

"पप्पा, उशीर होतोय!" श्रद्धा रडकुंडीला आली.

"एकच काटा राहिलाय, बाळा!"

"काढत बसा काटे! मी रिक्षानं चालले!" फाईल उचलून ती गेलीसुद्धा.

मी शेवटच्या काट्यावर 'हायड्रॉलिक' लिहीत होतो. आईनं ड्रायव्हरचं दार उघडलं, वाकली आणि ब्रेकखालून नारळ ओढून काढला!

"हा बघ! मघापासून विचारतेय, तर माझ्यावरच ओरडतो मेला!"

मी आत बसून ब्रेक दाबला. गेला खाली! दांडाही सुरळीत सरकला. ब्रेक पूर्ण दाबल्याशिवाय ऑटोमॅटिकचा दांडा 'पी' सोडतच नाही!

"अहो थांबा, मी अजून खाली आहे!" साहेबराव किंचाळले.

साहेबराव बाहेर आले आणि फोन वाजला. "पप्पा! हॉल तिकीट फायलीत नाहीये! गाडीत बघा!"

गाडीत कशाला बघू? ते माझ्या हातात होतं. पाठीवर मासा!

आईला घेऊन सुसाट निघालो. पोचलो तेव्हा शिपाई गेट ओढत होता आणि श्रद्धा गेट धरून उभी होती. मी कागद पुढं केला. पर्यवेक्षक बाईंनी तो उलटा करून पाहिला.

"हे काय? कॉपी?"

"नाही मॅडम! गाडी अडली होती. कारण शोधत होतो."

"मग यातलं खरं कारण कुठलं?"

श्रद्धा माझ्याकडं बघत होती. मी सगळे काटे पुन्हा वाचले. "यात... नाहीये ते, मॅडम."

मागून आईनं नारळ वर केला. "हे कारण! ब्रेकखाली अडकलं होतं. पोरीला आत सोडा बाई. नापास व्हायचंय ते हा घरीच होऊन आलाय!"

मॅडमना हसू आवरेना. श्रद्धा आत पळाली आणि गेट लागलं.

कंपनीत बिघाड झाला की मी अजूनही मासा काढतो. फक्त आधी वाकून बघतो.